तीन वेळा बघितलेलं नाणं

गच्चीवरचा तो दिवा घालव रे कोणीतरी, किडे येतात. आणि भाचीबाई, तुम्ही जरा पुढे सरका, कारण आजची गोष्ट तुमच्यासाठी आहे. बाकीच्यांनी फुकटात ऐकायची. कालपासून तू ते नवं भिंग घेऊन घरभर फिरते आहेस. आईच्या बांगड्या बघून झाल्या, माझं टक्कलसुद्धा बघून झालं. जुन्या नाण्यांच्या लिलावाच्या ऑफिसात नोकरी लागली, नाण्यांची ग्रेड लावायला शिकणार. चांगलं आहे. मी अडवत नाही, अडवून ऐकणारं या घरात कोणी जन्माला आलेलं नाही. पण मी त्याच कामात एकतीस वर्षं काढली आहेत, आणि माझ्या शेजारच्या टेबलावर जो माणूस बसायचा त्याचं काय झालं ते ऐकून घे. मग खुशाल जा.

त्याला आम्ही सगळे 'जेमतेम' म्हणायचो. खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर असायचं. गिऱ्हाईक आपल्या आजोबांचं नाणं कापसातून काढून, श्वास रोखून याच्या टेबलावर ठेवायचं. हा बघायचा, बघायचा, आणि म्हणायचा, "जेमतेम." झिजून गेलेलं आणि बरं, यांच्या मधली पायरी ती. दहांतल्या सहा नाण्यांना त्याच्याकडून तेवढंच मिळायचं. चहा कसा झालाय? जेमतेम. साहेबांचं भाषण? जेमतेम. वहिनी, म्हणजे त्याची बायको, सांगायच्या की लग्नाच्या दिवशी याने त्यांच्याकडे एकदा मान वळवून बघितलं आणि "बरं" म्हणाला. आम्ही ऑफिसातले म्हणायचो, वहिनी, हे तोंडी सांगितलंय तोवर कागदावर लिहून घ्या.

पण माणूस चोख. खोटी ग्रेड लिहायला सांगणाऱ्या एका बड्या गिऱ्हाइकाला त्याने जिना दाखवला होता. त्याचा एक नियम होता. तीन वेळा बघितल्याशिवाय लिहायचं नाही. पहिल्यांदा नुसत्या डोळ्यांनी, हात लांब धरून. दुसऱ्यांदा भिंगातून. मग डोळ्यांवर पाणी मारायचं, काळ्या मखमलीकडे बघत वीस आकडे मोजायचे, आणि तिसऱ्यांदा पुन्हा भिंग. तिसऱ्यांदा बघताना मधेच नजर काढायची नाही, काढली की ग्रेड चुकते म्हणायचा. नाण्यावर जे उंच असतं ते आधी झिजतं, हे तुला पहिल्याच आठवड्यात शिकवतील. चेहऱ्याचं नाणं असेल तर भुवई, मग गाल, मग कानावरचे केस, नाकाचं टोक. हा त्याच क्रमाने बघायचा, घाई नाही, गडबड नाही.

आमच्याकडे प्रत्येक नाणं दोघं बघतात. आपापल्या चिठ्ठीवर ग्रेड लिहायची, एकमेकांना सांगायची नाही, मग दोन्ही चिठ्ठ्या एकदम उघडायच्या. त्याची जोडी माझ्याशी होती. एकवीस वर्षं. चिठ्ठ्या वेगळ्या निघाल्या असं बोटांवर मोजण्याइतक्या वेळा झालं असेल.

आणि इतकं डोळ्यात तेल घालून बघणारा हा माणूस घरी मात्र ताटाकडे बघून जेवायचा. मूलबाळ नव्हतं, दोघंच होती. वहिनी एकदा मला म्हणाल्या, "भावजी, मी केस कापून आले तर यांना चौथ्या दिवशी कळतं, तेही शेजारीण बोलली म्हणून." हसत म्हणाल्या, पण त्या हसण्यात काही दम नव्हता.

तर सतरा जानेवारी. शुक्रवार होता. ऑफिस सुटायच्या वेळी त्याला फोन आला. बाईचा आवाज. तो मला नंतर म्हणाला, वय कळेना. घरात सोन्याचं एक जुनं नाणं आहे, ते बाहेर नेता येत नाही, तर तुम्हीच या. विकायचं नाही. नुसतं किती उरलंय तेवढं सांगा. त्याला गंमत वाटली. लोक किती मिळतील विचारतात, किती उरलंय असं कोणी विचारत नाही.

बाहेर जाऊन नाणं बघायचं तर दोघांनी जायचं, ही आमची पद्धत. मला न्यायला तो टेबलाशी आलाही होता. माझी दाढ ठणकत होती. मी म्हटलं, तू हो पुढे, एक नाणं तर आहे. ती दाढ मी पुढे काढून टाकली, दुखायची थांबली होती तरी काढली. रागाने.

पाण्याच्या टाकीमागच्या गल्लीत नऊ नंबरचं घर. तळमजला. साडेसातला हा पोचला. हातात त्याची पिशवी, त्यात भिंग, छोटा काटा, मखमल आणि स्वतःचा दिवा. दुसऱ्याच्या उजेडावर त्याचा विश्वास नव्हता. दार उघडंच होतं. आत टेबल, त्यावर फुलाफुलांचं मेणकापड, एका कोपऱ्यात दुमडलेलं. पलीकडे खुर्चीत बाई बसलेल्या. बल्ब त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर होता, त्यामुळे चेहरा काळोखात. नाणं टेबलावर आधीच ठेवलेलं.

"बसा," त्या म्हणाल्या. "तुम्ही नीट बघता असं ऐकलंय."

"बघतो," तो म्हणाला. त्याला बरं वाटलं. कोणाला नाही वाटणार?

त्याने डावीकडे आपला दिवा लावला, मखमल अंथरली आणि नाणं कडेने धरून आधी काट्यावर ठेवलं. बाई हसल्या.

"सगळे आधी वजनच करतात हो. बघत कोणी नाही."

"पद्धत आहे," तो म्हणाला. सात ग्रॅम, ब्याऐंशी. वहीत लिहिलं.

मग हात लांब करून पहिल्यांदा बघितलं. राजा नाही, मुकुट नाही, अक्षरं नाहीत. एका बाईचा चेहरा, बाजूने. केस मागे बांधलेले, कानात बारीक मण्याचं काहीतरी, ओठ किंचित उघडे, बोलता बोलता थांबावं तसे. सोनं जुनं होतं, हातोहात फिरलेलं होतं, तरी चेहरा शिल्लक होता. त्याच्या मनात 'छान' आलं. वर्षातून दोनदा यायचं ते.

दुसऱ्यांदा भिंग लावलं. कानातले मणी नव्हते.

त्याला वाटलं, पहिल्यांदा चुकलो असेन. स्वतःच्या चुकीची त्याला इतकी कमी सवय होती की तो मनातल्या मनात जरा हसला. भुवईही आता थोडी पुसट वाटली. 'छान' मागे घेतलं, 'बरं' म्हणाला मनात. बाटलीतलं पाणी डोळ्यांवर मारलं. मखमलीकडे बघत वीस मोजले. समोरच्या खुर्चीतून काही आवाज नव्हता. श्वासाचासुद्धा.

तिसऱ्यांदा...

हे सांगताना त्याने माझ्या टेबलावरचं भिंग पालथं घातलं होतं.

तिसऱ्यांदा भिंगाखाली भुवई होती. तो बघत होता, आणि ती बसली. खचली म्हण. सपाट झाली. मग त्याची नजर सवयीने गालावर गेली. गाल गेला. कानावरचे केस. एकेक रेघ. हात कोणाचा लागत नव्हता. मखमलीवर सोन्याचा कण नव्हता. वापरून वापरून साबणाची वडी जशी गुळगुळीत होते, तसं ते होत चाललं होतं, आणि नजर जिथे जाईल तिथेच होत होतं.

त्याला कळलं. इतक्या वर्षांचा पारखी तो, त्याला कळणार नाही? आपण बघतोय म्हणून झिजतंय. नजर काढायला हवी, एवढंच करायचं होतं.

पण तिसऱ्यांदा बघताना नजर काढायची नाही.

मान वळेना. एकवीस वर्षं जी सवय स्वतःला लावली होती ती आता त्याचं ऐकेना. नाकाचं टोक गेलं. तो बघत राहिला. ते उघडे ओठ... ते शेवटी गेले.

मग तो सुटला. त्याने नाणं पुन्हा काट्यावर ठेवलं, का ते त्यालाही माहीत नाही. सात ग्रॅम, ब्याऐंशी. झिजलं तर वजन घटायला हवं ना गं? रतीभरही घटलं नव्हतं.

"किती उरलंय?" बाईंनी विचारलं.

त्याने चिठ्ठी ओढली आणि लिहिलं. जेमतेम. तेसुद्धा त्याने वाढवून लिहिलं होतं, आयुष्यात पहिल्यांदा.

चिठ्ठी घ्यायला बाई पुढे वाकल्या. दिव्याच्या उजेडात आल्या.

चेहरा होता. म्हणजे... चेहऱ्याची जागा होती.

"घरी कोण असतं तुमच्या?" त्यांनी विचारलं. अगदी आपुलकीने, म्हणाला.

"बायको."

"तिच्याकडे बघता?"

त्याने भिंग पिशवीत घातलं.

"बघत जा," बाई म्हणाल्या.

पुढे तो बसस्टॉपवर उभा होता. मधलं काही आठवत नाही. हातात दिवा, अजून गरम.

नाही रे, थांबा, पाणीबिणी नको मला. ऐका.

नऊ वाजून वीस मिनिटांनी तो घरी पोचला. वहिनींनी ताट वाढलं आणि समोर बसल्या. हा माणूस आतून पार हादरलेला, घरी आल्यावर आपलं माणूस दिसलं, तर काय करेल? बघेल. त्याने बघितलं. लग्नाच्या सव्वीस वर्षांत बघितलं नव्हतं तसं. डाव्या भुवईत त्यांना एक बारीक व्रण होता, लहानपणी झोपाळ्यावरून पडल्याचा. तो त्याला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला. त्याच्या मनात आलं, अरे, हे इथे होतं आणि मला ठाऊकच नाही.

"काय बघताय असं?" वहिनी म्हणाल्या. लाजल्या. पन्नाशीची बाई लाजली. "आज काय विशेष?"

"काही नाही," तो म्हणाला, आणि पुन्हा बघितलं.

व्रण नव्हता.

त्याने मान खाली घातली ती घातलीच. ताटात बघून जेवला, म्हणजे चिवडत बसला. वहिनी बोलत होत्या. त्या दिवशी त्या खूप बोलल्या, तो म्हणाला. खुशीत होत्या.

सोमवारी सकाळी तो माझ्या टेबलाशी आला, चेहरा असा की मी दाढ विसरलो. सगळं सांगून झाल्यावर त्याने खिशातून दोन चालू नाणी काढली, एकाच वर्षाची, दोन्ही कोरी. म्हणाला, "एक तुझ्या मुठीत ठेव." मी ठेवलं. दुसरं त्याने टेबलावर ठेवलं, दोन्ही हात मागे बांधले आणि वाकून त्याच्याकडे बघत राहिला. मिनिटभर. मग बाजूला झाला. मी मूठ उघडली आणि दोन्ही शेजारी ठेवली. माझ्याकडच्या नाण्यावर वर्षाचा आकडा खणखणीत. त्याच्या नाण्यावर बोट फिरवलं तर काही हाताला लागेना. मी काटा काढला. वजन दोन्हींचं सारखं.

हे मी पाहिलंय. ऐकलेलं नाही.

त्याच दिवशी आम्ही दोघं टाकीमागे गेलो. नऊ नंबरचं दार वाजवलं. एका माणसाने उघडलं, मोटार चालवायला शिकवायचा तो, दारात त्याच्या शाळेची पाटी लावलेली गाडी उभी होती. आत तेच टेबल, तेच मेणकापड, त्यावर दोन मुली अभ्यास करत बसलेल्या.

"या या," तो जेमतेमला म्हणाला. "बरं वाटतंय का आता? शुक्रवारी आम्ही घाबरलोच होतो."

"शुक्रवारी काय झालं?" मी विचारलं.

"तुम्ही आलात, नाणं बघायला आलोय म्हणालात. आम्ही म्हटलं घर चुकलात. पण तुम्ही दिवा लावून बसलातच. टेबलावर काही नव्हतं हो. अर्धा तास तुम्ही मेणकापडाकडे बघत होतात. मग म्हणालात, बायको असते घरी. आणि उठून गेलात."

"समोर खुर्चीत कोण होतं?"

तो माणूस माझ्याकडे बघतच राहिला. "समोर खुर्ची ठेवत नाही आम्ही. भिंत आहे ना."

आतून त्याची बायको पाण्याचे पेले घेऊन आली. जेमतेम झटकन वळला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्या दोन मुली खुदकन हसल्या. मला हसू आलं नाही.

मग काय काय केलं म्हणून सांगू. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, या वयाला इतकी चांगली नजर मी पाहिलेली नाही. मोठ्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. त्याने नोकरी सोडली. नुसती नजर ओझरती गेली तर काही होत नसे, नीट बघितलं की व्हायचं. लोक म्हणतील, मग नीट बघू नकोस, सोपं आहे. त्याला ते येत नव्हतं. तो आयुष्यभर शिकला होता ते एवढंच. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आता त्याला बघायचं होतं. इतकी वर्षं नाही, आणि आता त्याला बायकोला बघायचं होतं. तो तसं मला म्हणाला, आणि माझ्यासमोर रडला. मी काय करणार? खांद्यावर हात ठेवला. मी दुसऱ्या चिठ्ठीचा माणूस, माझ्या हातात काय होतं?

तो घरात मान खाली घालून वावरायला लागला. वहिनी समोर आल्या की डोळे मिटून घ्यायचा. त्यांना कारण ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच ठाऊक होतं की एका शुक्रवारी नवऱ्याने जेवताना आपल्याकडे बघितलं, आणि त्यानंतर बघणंच टाकलं.

नऊ मार्चला रात्री त्यांनी विचारलं, "माझं काय चुकलं? एवढी वाईट दिसते का मी?"

त्याने डोळे मिटून सगळं सांगितलं. पहिल्यापासून. वहिनी हसल्या नाहीत, वेड लागलं का म्हणाल्या नाहीत. थोड्या वेळाने खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. मग खटका. त्याच्या मिटलेल्या पापण्यांवर उजेड आला, डावीकडून. त्यांनी त्याचा दिवा लावला होता.

"बघा," त्या म्हणाल्या.

"नको."

"सव्वीस वर्षं तुम्ही जगभरचे चेहरे बघितलेत. मी याच घरात होते."

"अगं, जाईल."

"जाऊ दे," त्या म्हणाल्या. "नाहीतरी कोण बघतंय. बघून जाऊ दे."

त्याने डोळे उघडले.

नऊला उघडले. नऊ चाळीसला मिटले. मधलं त्याने मला फार सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला माझ्या दारात उभा, डोळ्यांवर पट्टी, शेजारच्या रिक्षावाल्याने हाताला धरून आणलेला. खुर्चीत बसला. म्हणाला, "सुंदर आहे रे ती. मी 'बरं' म्हणालो होतो."

मी खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

"भुवई, गाल, केस... मला कळत होतं. मधेच थांबलो असतो तर..." त्याने पट्टी घट्ट केली. "थांबता येत नव्हतं, असं मी तुला सांगणार होतो. पण ते खोटं आहे. मला थांबायचं नव्हतं."

मी त्याला रिक्षात बसवून घरी सोडलं, पण वर गेलो नाही. खालूनच परत फिरलो. खरं सांगू? भीती वाटली. वहिनी दार उघडतील आणि मला काय दिसेल, या विचाराने पायरी चढवेना. पुढे महिनाभर आज जातो, उद्या जातो, असं स्वतःला फसवत राहिलो.

एप्रिलच्या बारा तारखेला गेलो. भरदुपारी गेलो, तेवढी हिंमत केली. बेल वाजवली. वहिनींनी दार उघडलं.

मी बघितलं. भुवई, गाल, कानावरचे केस, नाकाचं टोक. क्रमाने. सगळं जागच्या जागी. व्रणसुद्धा होता. नेहमीच्या वहिनी, नेहमीसारख्या. मला इतकं हायसं वाटलं की मी दारातच हसायला लागलो.

"काय भावजी, वाट चुकलात?" त्या म्हणाल्या.

आत तो खाटेवर बसला होता, पट्टी बांधून. आवाजावरून मला ओळखलं. आम्ही चहा प्यायलो. मी म्हटलं, कसा झालाय, तर म्हणाला, "छान." वहिनींना हसू आवरेना. तास गेला. मला वाटायला लागलं, संपलं बहुतेक. माणूस भ्रमिष्ट झाला होता, सावरतोय. चालू नाण्याचं काय, ते मी मनाच्या मागच्या खोलीत ढकललं.

निघताना वहिनींनी स्वयंपाकघरात बोलावलं.

"भावजी, जरा या फोनचं बघता? नवा घेतलाय. नुसता चेहरा दाखवला की उघडतो म्हणे. दुकानात त्या पोराने स्वतःचा दाखवला तर लगेच घेतला. माझा काही घेत नाही. परत द्यावा का?"

मी घेतला. मला तेवढं येतं, तुमच्याच मावसभावाने शिकवलंय. आधी माझाच चेहरा धरून बघितला. पडद्यावर गोल येतो, त्यात तोंड आणायचं, गोल भरत जातो. दोन सेकंदांत माझा झाला. तो पुसून टाकला आणि वहिनींच्या हातात फोन दिला. मी त्यांच्या मागे उभा राहिलो.

गोल आला.

भरेना.

मी काच पुसली. त्यांना खिडकीशी उभं केलं, उजेडात. त्यांनी चष्मा काढला. पुन्हा.

मी त्यांना एकवीस वर्षं ओळखतो, पोरांनो. ओळखीच्या माणसात आपला डोळा आपल्या पदरचं घालतो, नसलेलं भरून काढतो. नाणी बघणाऱ्याला हे ठाऊक असायला हवं. फोनला त्यांची काही ओळख नव्हती.

"घेतला का रे?" तो आतून म्हणाला. हळूच. पट्टीमागे त्याचे डोळे मिटलेले होते की उघडे, देव जाणे.

वहिनींनी माझ्याकडे बघितलं नाही.

"घेतला," मी म्हणालो.

त्या फोन धरून तशाच उभ्या होत्या. हनुवटी थोडी वर, फोटोला हसतात तशा हसत. गोलात मला त्या दिसत होत्या, अगदी स्वच्छ. आणि त्यांच्या चेहऱ्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, चेहरा दिसत नाही.